जॉर्डनला संघातून हाकललं नव्हतं

जळगावात निवड चाचणी झाली, की यादीत नाव नसलेल्या पोरांच्या घरी तोच मेसेज फिरतो: ‘बास्केटबॉलचा महान खेळाडू मायकल जॉर्डन, त्यालाही शाळेने संघातून काढलं होतं.’ परवा भरिताच्या पंगतीत एका काकांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या हातातली पुरी हातातच राहिली.

घडलं ते एवढंच. साल १९७८, अमेरिकेतल्या विल्मिंग्टनची लेनी हायस्कूल. पंधरा वर्षांच्या जॉर्डनला मुख्य संघाऐवजी कनिष्ठ संघात घातलं. मुख्य संघाला उंची हवी होती, म्हणून त्याच्याच वयाचा, पण बराच उंच लेरॉय स्मिथ वर गेला. जॉर्डन घरी जाऊन रडला, हे मात्र खरं; तसं त्यानेच सांगितलंय.

मेसेजचं शेपूट तर आणखी पोकळ: ‘मग एकट्याने जग जिंकलं.’ एकट्याने? १९८६-८७ला त्याची सरासरी सामन्याला ३७.१ गुण होती, तरी त्याचा व्यावसायिक संघ शिकागो बुल्स बाद फेऱ्यांतल्या पहिल्याच मालिकेत बोस्टनकडून ०-३ हरला. पहिलं विजेतेपद आलं १९९१ला, त्याच्या सातव्या हंगामात. आणि १९९७च्या अंतिम मालिकेत, शेवटच्या काही सेकंदांत समोरच्या संघाचा दुसरा खेळाडूही अंगावर आला तेव्हा त्याने चेंडू मोकळा उभा असलेला सहकारी स्टीव्ह कर याच्याकडे दिला. बास्केट केली ती स्टीव्हने.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. “बरं भाऊ, मंग पुढे पाठवू का नको?”