गाडीच्या रंगावर संरक्षक थर द्यावा का? पैसे देण्यापूर्वी ग्राहकांनी वाचावे असे काही

नवी गाडी घेतलेले ग्राहक आमच्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सिरॅमिक करून घेऊ का?" सिरॅमिक म्हणजे रंगावर चढवायचा एक पातळ, कडक संरक्षक लेप. या प्रश्नाला आम्ही लगेच होकार देत नाही. हेच काम करून आमचे दुकान चालत असल्याने काहींना याचे नवल वाटते. परंतु पुण्यातल्या असंख्य गाड्यांचा रंग दिव्याखाली जवळून पाहिल्यावर आमचे मत असे झाले आहे की, हा निर्णय गाडीच्या किमतीवरून घेऊ नये. गाडी कुठे उभी राहते, तिला रोज कोण व कशाने पुसते आणि आपण ती किती वर्षे वापरणार आहात, हे पाहून घ्यावा.

रंगाचा थर किती असतो

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. पत्र्याला लागून गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही मिळून जाडी साधारण 100 ते 140 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा 35 ते 50 मायक्रॉनांचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. गाडीची झळाळी याच थरामुळे दिसते आणि खालच्या रंगाचे उन्हापासून रक्षणही हाच थर करतो. रबिंग-पॉलिश करताना यातलाच भाग घासून निघतो. हलक्या पॉलिशने एखाददोन मायक्रॉन जातात, जाड कंपाउंडने बरेच अधिक जातात, आणि गेलेला थर परत येत नाही. दर दिवाळीला हौसेने रबिंग करून घेणारे ग्राहक नकळत मुद्दलालाच हात घालत असतात.

नुकसान कुठून होते

आमच्या अनुभवात रंगाचे सर्वाधिक नुकसान रोजच्या पुसण्याने होते. सकाळी सहाच्या सुमारास सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरून पाहावे. एक बादली पाणी, एक जुना बनियन किंवा टॉवेलचा तुकडा आणि रांगेने दहा-बारा गाड्या. पहिल्या गाडीवरची धूळ त्या फडक्यात अडकते, बादलीच्या तळाशी बसते आणि शेवटच्या गाडीपर्यंत ते फडके बारीक पॉलिश पेपरासारखे झालेले असते. पुसणाऱ्याचा यात दोष नाही; महिन्याच्या त्या तुटपुंज्या पैशांत त्याला गाडी पाण्याने धुऊन घेण्याइतका वेळही मिळत नाही आणि पाणीही मिळत नाही. परंतु सहा महिन्यांनी हीच गाडी उन्हात उभी केली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसू लागतात. काळ्या आणि गडद निळ्या गाड्यांवर ते दुरूनही जाणवतात. पांढऱ्या व चंदेरी गाड्यांवर ते असतातच, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत.

दुसरा क्रमांक पाण्याचा आहे. बोअरवेलच्या व टँकरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. तापलेल्या बोनेटवर हे पाणी सुकले की थेंबाच्या आकाराची पांढरी वर्तुळे राहतात आणि काही आठवड्यांत ती पुसून जाण्यापलीकडे जातात.

तिसरी गोष्ट डोक्यावरच्या झाडांची. जानेवारीपासून आंब्याला मोहोर येतो तेव्हा त्यावरच्या तुडतुड्यांचा चिकटा खाली उभ्या असलेल्या गाडीवर पडतो, धूळ धरतो आणि वाळून घट्ट बसतो. पक्ष्यांची विष्ठा याहून वाईट. उन्हाने क्लिअर कोट मऊ पडून किंचित प्रसरण पावतो, संध्याकाळी आकसतो आणि वाळलेल्या विष्ठेच्या कडांशी त्याला कायमची सुरकुती पडते. मे महिन्यात यासाठी एक दुपार पुरते. याशिवाय नव्या गाडीच्या पूजेत बोनेटवर ओल्या कुंकवाने काढलेले स्वस्तिक दोन-तीन दिवस उन्हात तसेच राहिले, तर पांढऱ्या रंगावर गुलाबी छटा उरू शकते. पूजा अवश्य करावी. बोनेट मात्र त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने धुऊन घ्यावे.

महामार्गावरचे खडे हा स्वतंत्र विषय आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात डंपरच्या मागे राहिलेल्या गाडीच्या बंपरवर व बोनेटच्या पुढच्या कडेवर रंगाचे बारीक टवके उडतात, आणि पत्रा उघडा पडला तर तिथून गंज सुरू होतो.

बाजारात काय मिळते

मेण, म्हणजे वॅक्स, हा सर्वांत जुना व स्वस्त उपाय. ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडच्या उन्हात ते काही आठवडे टिकते. घरी लावता येते, आणि हाताने काम करण्याची आवड असेल तर त्यात गैर काही नाही.

शोरूममध्ये 'टेफ्लॉन कोटिंग' या नावाने जे विकले जाते, त्याविषयी आम्हाला स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते. टेफ्लॉन हा पदार्थ 1938 मध्ये अमेरिकेत योगायोगाने सापडला. नॉनस्टिक तव्यावर तो पक्का बसवण्यासाठी 300 अंश सेल्सिअसहून बऱ्याच अधिक उष्णतेची भट्टी लागते. गाडीच्या रंगावर असे तापमान देता येत नाही, त्यामुळे तव्यावरच्या गुणांची अपेक्षा या लेपाकडून ठेवू नये. प्रत्यक्षात तो पॉलिशसारखा पातळ लेप असतो. तो काही महिने चमक देतो आणि तेवढ्यापुरता ठीक आहे.

सिरॅमिक कोटिंग हा सिलिकायुक्त द्रव असतो. तो क्लिअर कोटला चिकटून काचेसारखा कडक होतो, परंतु त्याची जाडी जेमतेम एक-दोन मायक्रॉन असते. हा आकडा ग्राहकांनी लक्षात ठेवावा, कारण इतक्या पातळ थराने खडा अडत नाही, किल्लीचा ओरखडा अडत नाही आणि पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचे दार लागून आलेला पोचाही अडत नाही. जाहिरातीत '9एच' असे लिहिलेले असते, त्यातला 'एच' हा पेन्सिलीचा आहे. निरनिराळ्या कडकपणाच्या पेन्सिली लेपावर घासून पाहण्याची ती चाचणी आहे. हिऱ्याच्या किंवा दगडाच्या कठीणपणाच्या मोजमापाशी तिचा संबंध नाही. मग सिरॅमिकचा उपयोग काय? पृष्ठभाग इतका गुळगुळीत होतो की पाणी थेंब होऊन ओघळते, चिखल व चिकटा घट्ट धरत नाही, पक्ष्याची विष्ठा धुऊन काढायला थोडा अधिक अवधी मिळतो, आणि धुताना फडके कमी घासावे लागल्याने ओरखडेही कमी येतात. थोडक्यात, सिरॅमिकमुळे गाडी धुणे सोपे होते. ज्यांची गाडी धुतली जाते त्यांना याचा लाभ होतो. ज्यांची गाडी रोज कोरड्या किंवा मळक्या फडक्याने पुसली जाते, त्यांच्या सिरॅमिकवरही तीच जाळी उमटते. क्षारांचे डागही सिरॅमिकवर पडतात, हे बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते.

खड्यांपासून खरे रक्षण फक्त पीपीएफ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पारदर्शक फिल्मने होते. चांगली फिल्म थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, म्हणजे टीपीयूची, असते. तिची जाडी 150 ते 200 मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या संपूर्ण रंगाहूनही जास्त असते. तिच्यावरचे बारीक ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने भरून येतात. स्वस्तातल्या पीव्हीसीच्या फिल्म काही काळाने पिवळ्या पडतात आणि काढताना तुकडे होऊन निघतात, म्हणून फिल्म कशाची आहे हे बिलावर लिहून घ्यावे. ती कशी कापणार हेही विचारावे. गाडीवरच ब्लेडने कापली, तर हात चुकल्यास पात्याची रेघ थेट रंगात उतरते. गाडीच्या मापाने यंत्रावर आधीच कापलेली फिल्म अधिक सुरक्षित. पूर्वी बाहेर रंगकाम झालेल्या दरवाजावर वा बंपरवर फिल्म लावली असेल, तर ती काढताना कच्चा रंगही सोबत निघू शकतो. असा भाग असल्यास आम्हाला आधी सांगावे. रंगाची जाडी मोजून असा भाग ओळखता येतो आणि तसे यंत्र आमच्याकडे आहे, परंतु प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चालत नाही.

आमचा सल्ला

आज पुण्यात मध्यम आकाराच्या गाडीला चांगले सिरॅमिक करण्यासाठी साधारण 15,000 ते 40,000 रुपये लागतात आणि संपूर्ण गाडीला टीपीयूची फिल्म लावायची तर खर्च 70,000 रुपयांपासून दीड-दोन लाखांपर्यंत जातो. एका दरवाजाचे चांगले रंगकाम त्यामानाने काही हजारांत होते. त्यामुळे गाडी तीन वर्षांत बदलणार असाल, ती पांढरी असेल आणि छपराखाली उभी राहत असेल, तर आमचे प्रामाणिक मत असे की यातले काहीही करू नये. विकताना सिरॅमिकचे पैसे वसूल होत नाहीत. जुनी गाडी घेणारा अपघात झाला आहे का आणि कारखान्याचा मूळ रंग कायम आहे का, हे पाहतो.

गडद रंगाची गाडी सहा-आठ वर्षे वापरायची असेल, ती उघड्यावर उभी राहत असेल आणि आपण स्वतः किंवा घरातले कोणी दर आठवड्याला ती नीट धुणार असेल, तर सिरॅमिकवरचा खर्च सार्थकी लागतो. आठवड्यातून दोनदा महामार्गावर जाणाऱ्यांनी सिरॅमिकऐवजी बंपर, बोनेट आणि आरसे एवढ्यापुरती फिल्म लावावी. पूर्ण गाडीची आवश्यकता क्वचितच असते. बारीकसारीक ओरखड्यांसाठी विमा आहे असे समजू नये, कारण एक दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि पाच वर्षे दावा नसेल तर तो 50 टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असतो. रंग बदलणारी फिल्म लावायची असल्यास आरसी पुस्तकात त्याची नोंद करून घ्यावी लागते, हेही ध्यानात असावे.

नव्या गाडीचा ताबा घेण्याच्या दिवशी, हार आणि पेढ्यांच्या गडबडीत, शोरूमच्या टेबलावर हा निर्णय घेऊ नये. आमच्याकडे आलेल्या एका नव्याकोऱ्या काळ्या गाडीवर दुसरीकडे केलेले सिरॅमिक होते आणि त्याखाली ताबा देण्यापूर्वीच्या घाईच्या धुण्याचे गोल ओरखडे जसेच्या तसे बंद झालेले होते. ते काढायचे तर आधी सिरॅमिक घासून काढावे लागले. मालकाचे पैसे दोनदा गेले आणि क्लिअर कोटही झिजला. आम्ही स्वतः सुरुवातीच्या काळात जुलैच्या दमट हवेत घाईने केलेले एक काम असेच बिघडले होते. लेप पुसून घेण्याआधीच आवळला आणि बोनेटवर इंद्रधनुषी चट्टे राहिले. ते आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा केले. तेव्हापासून पावसाळ्यात बंद खोली आणि आर्द्रता कमी करणारे यंत्र यांशिवाय आम्ही हे काम घेत नाही, आणि काम झाल्यावर गाडी पूर्ण एक दिवस ठेवून घेतो. पहिला आठवडाभर तिला शाम्पू लावू नये. कारखान्याचा रंग भट्टीत पक्का झालेला असतो, त्यामुळे नव्या गाडीला थांबण्याचे कारण नाही. नुकतेच बाहेर रंगकाम केले असेल तर मात्र साधारण महिनाभर थांबावे.

'पाच वर्षांची वॉरंटी' हे शब्द वाचताना अटीही वाचाव्यात. ठरलेल्या मुदतीत पैसे भरून देखभाल करून घेतली नाही तर बहुतेक ठिकाणी वॉरंटी संपते, आणि ओरखडे व पाण्याचे डाग तिच्यात सहसा येत नाहीत. आम्ही देतो ती लेखी हमी मराठीत एका पानाची आहे. सही करण्यापूर्वी ती घरी नेऊन वाचावी.

काहीच करायचे नसेल, तरी दोन बादल्या, दोन मायक्रोफायबर कापडे आणि गाडीचा शाम्पू एवढे घ्यावे. हा खर्च हजार-दीड हजारांत होतो. आधी पाण्याने धूळ सोडवावी, छपरापासून खाली यावे, कापड दर वेळी साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून मगच शाम्पूत बुडवावे आणि गाडी सावलीत कोरडी करावी. डांबराच्या ठिपक्यांवर रॉकेल किंवा डिझेलचा हात मारण्याची जुनी सवय सोडावी. तेलकट थरावर धूळ बसते आणि रबरही खराब होते. रोज पुसणाऱ्याला आपली कापडे द्यावीत, किंवा त्याला रोजऐवजी आठवड्यातून एकदाच, पण पाण्याने धुण्याचे सांगून पैसे तेवढेच द्यावेत.

रंगाची तपासणी आम्ही विनामूल्य करतो. ती सुमारे अर्धा तास चालते आणि त्यानंतर काम आमच्याकडेच करून घेण्याचे बंधन नसते. येण्यापूर्वी गाडीला पॉलिश किंवा डॅशबोर्डची चमक लावून आणू नये, कारण त्याने ओरखडे झाकले जातात आणि आम्हाला खरा रंग दिसत नाही. रोज जशी असते तशीच गाडी आणावी.