पान पिवळं पडतं तेव्हा

गव्हाचं सगळ्यात वरचं पान पिवळं पडू लागलं की वाटतं, पीक आता उतरणीला लागलं. प्रत्यक्षात दाण्यात सत्त्व भरायच्या कामाला तेव्हाच जोर आलेला असतो. पानातली प्रथिनं मोडतात आणि त्यांतला नत्र ओंबीकडे निघतो; लोह आणि जस्तही त्याच वाटेने जातं. दाण्यातला बहुतेक नत्र असा पानाखोडातून आलेला असतो.

पान कधी पिवळं पडावं हे ठरवणारं एक जनुक 2006 साली ओळखलं गेलं, नाव एनएएम-बी1. ते मिळालं जंगली एमर गव्हात, म्हणजे सांगलीकर ज्याची खीर हौसेने करतात त्या खपलीच्या रानटी पूर्वजात. संशोधकांनी हे जनुक आणि त्याची भावंडं, म्हणजे त्याच्यासारखीच इतर जनुकं, दाबून पाहिली, तर रोप नेहमीपेक्षा तीन आठवड्यांहून जास्त काळ अधिक हिरवं राहिलं आणि दाण्यातली प्रथिनं, लोह, जस्त 30 टक्क्यांहून अधिक घटलं. हिरवंगार शेत बघून खूश होणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं!

चपातीच्या बहुतेक गव्हांत हे जनुक एकतर बिघडलेलं आहे, नाहीतर गायबच आहे. बिघाड एवढासाच, जनुकाच्या डीएनएत एक अक्षर जादा घुसलंय. पण त्यापुढचा सगळा मजकूरच चुकतो. तरी गहू पिकतो, कारण त्याच्याकडे तीन पूर्वजांकडून आलेले गुणसूत्रांचे तीन संच आहेत, मिळून 42 गुणसूत्रं, आणि इतर संचांतली भावंडं काम रेटून नेतात.

मग रानटी जनुक सरसकट का घालत नाहीत? पान लवकर वाळलं की पिष्ट तयार व्हायला दिवस कमी मिळतात, दाणा बारीक राहू शकतो. उतारा आणि सत्त्व यांचं तसंही फारसं जमत नाही. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1840च्या दशकापासूनचे गव्हाचे नमुने जपलेत. 1960च्या दशकानंतर बुटके, भरघोस वाण आले आणि दाण्यातलं लोह-जस्त घसरलं. मातीतलं मात्र घटलं नव्हतं.

म्हणून साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या करंजखोपचा अनुभव मला मोलाचा वाटतो. तिथे लोक-1सारख्या जुन्या वाणांचा उतारा हेक्टरी 25-30 क्विंटल होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 6478 लावल्यावर तो 45 ते 60 क्विंटलांवर गेला. या वाणाच्या किलोभर दाण्यात सुमारे 44 मिलिग्रॅम जस्त आणि 43 मिलिग्रॅम लोह असतं, प्रथिनं 14 टक्के. असा मेळ एका जनुकाने बसत नाही. लोह-जस्ताच्या मागे थोडाथोडा हातभार लावणारी बरीच जनुकं असतात आणि पैदासकाराला ती निवडीतून गोळा करावी लागतात.

अर्थात मुळांनी उचललंच नाही तर जनुक ओंबीत काय धाडणार? चुनखडीच्या जमिनीत जस्त सहजी मिळत नाही. दाणा चिकात असताना झिंक सल्फेट फवारलं तर दाण्यातलं जस्त चांगलं वाढतं. लोहाची फवारणी मात्र तितकी लागू पडत नाही. तिथे भिस्त मुख्यतः वाणावरच.