सी भाषेतील डिरेक्टरी हाताळणी

सी भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत फाइल उघडता येते, वाचता-लिहिता येते, तिचे नाव बदलता येते, ती काढूनही टाकता येते. मात्र एखाद्या डिरेक्टरीत (फोल्डरमध्ये) कोणकोणत्या फाइली आहेत, हे विचारण्याची सोय तिच्यात नाही. १९८९च्या पहिल्या अमेरिकी प्रमाणापासून सी२३ या अलीकडच्या प्रमाणापर्यंत ही जागा रिकामीच आहे. त्यामुळे एकच प्रोग्राम लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज या तिन्हींवर चालवायचा असेल, तर हा भाग प्रत्येकाला स्वतः लिहावा लागतो किंवा बाहेरून आणावा लागतो.

प्रमाण समितीचे काम १९८३मध्ये सुरू झाले, तेव्हा डिरेक्टरीची कल्पना सगळीकडे सारखी नव्हती. डॉसमध्ये उपडिरेक्टऱ्या नुकत्याच, त्याच वर्षीच्या २.० आवृत्तीत, आल्या होत्या. व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डिरेक्टरीचा मार्ग चौकटी कंसात लिहीत, तर आयबीएमच्या मेनफ्रेमवर डेटासेटची (तिथल्या फाइलींची) व्यवस्थाच निराळी होती. प्रमाणाने फाइलचे नाव म्हणजे एक स्ट्रिंग एवढेच धरले आणि तिचा अर्थ लावणे त्या त्या यंत्रणेवर सोडले.

युनिक्सवर सुरुवातीला वेगळ्या फंक्शनची गरजच भासत नसे. डिरेक्टरी साध्या फाइलसारखी उघडायची आणि १६-१६ बाइटांच्या नोंदी वाचायच्या: २ बाइट आयनोड क्रमांक (यंत्रणेच्या लेखी फाइलची ओळख), १४ बाइट नाव. १९८३च्या ४.२बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीने २५५ बाइटांपर्यंतची नावे आणली आणि हे ठरलेले माप मोडले. डिरेक्टरी उघडणारे ओपनडिर, पुढची नोंद देणारे रीडडिर व बंद करणारे क्लोजडिर ही फंक्शने तिथे रुळली आणि १९८८च्या पॉझिक्स या युनिक्ससारख्या यंत्रणांच्या सामाईक प्रमाणात दाखल झाली.

विंडोजचे फाइंडफर्स्टफाइल हे फंक्शन निराळ्या वळणाचे आहे. त्याला डिरेक्टरीच्या मार्गाच्या शेवटी तारांकन जोडून द्यावे लागते आणि ते हँडलसोबत (शोध पुढे नेण्याच्या खुणेसोबत) पहिली नोंदही हातात ठेवते. त्यावर पॉझिक्सचा मुखवटा चढवायचा, तर ती पहिली नोंद सांभाळून ठेवून रीडडिरच्या पहिल्या हाकेला द्यावी लागते. एवढे जमले की बाकीचे काम हमालीचे. मिनजीडब्ल्यू या विंडोजवरच्या सी कंपायलरच्या संचात असा मुखवटा तयारच मिळतो.

खरी डोकेदुखी बारीकसारीक फरकांची असते. रीडडिर नोंदी संपल्यावर नल (रिकामा पॉइंटर) देते आणि चूक झाली तरी नलच देते. म्हणून हाक मारण्याआधी चूक नोंदवणारा एररनो शून्य करून ठेवावा लागतो. नोंदी वर्णक्रमाने येतील याची हमी नाही. नोंद फाइलची की डिरेक्टरीची, हे सांगणारा डी_टाइप लिनक्स व बीएसडीवर असतो, पण काही फाइल सिस्टिमवर तो ‘माहीत नाही’ असे सांगून मोकळा होतो. मग स्टॅट या फंक्शनने त्या नोंदीची माहिती विचारण्यावाचून गत्यंतर नाही. डिरेक्टरी बनवणाऱ्या एमकेडिरला पॉझिक्समध्ये परवानग्यांचा दुसरा अर्ग्युमेंट लागतो, विंडोजच्या फंक्शनला तो चालत नाही. प्रमाणात असलेले रिमूव्हसुद्धा पॉझिक्सवर रिकामी डिरेक्टरी काढते, विंडोजवर नकार देते.

नावांचा प्रश्न मराठी वापरकर्त्याला थेट भिडतो. लिनक्सच्या लेखी नाव म्हणजे बाइटांची ओळ. विंडोज ते यूटीएफ-१६ या युनिकोडच्या सांकेतिक रूपात ठेवते. ‘महाराष्ट्र’ या नावात युनिकोडची १० चिन्हे आहेत, म्हणजे यूटीएफ-८मध्ये ३० बाइट. या हिशेबाने लिनक्सच्या नेहमीच्या २५५ बाइटांच्या मर्यादेत देवनागरीची ८५ चिन्हेच मावतात. विंडोजच्या जुन्या ‘अन्सी’ फंक्शनांसाठी देवनागरीचे कोडपेजच (अक्षरांच्या क्रमांकांचा तक्ताच) नाही, त्यामुळे त्यांच्याकडून असे नाव प्रश्नचिन्हांच्या रूपात परत येते आणि त्या नावाने फाइल उघडत नाही. रुंद अक्षरांची (यूटीएफ-१६ची) फंक्शने वापरून आतबाहेर यूटीएफ-८मध्ये रूपांतर करणे हा भरवशाचा उपाय. विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीपत्रात) यूटीएफ-८ हेच कोडपेज म्हणून मागता येते.

सी++ने बूस्ट या सी++ लायब्ररींच्या संचावरून घेतलेली फाइलसिस्टिम सुविधा २०१७च्या प्रमाणात समाविष्ट केली. सीमध्ये मात्र जीलिब, लिबयूव्ही किंवा अपाचीची पोर्टेबल रनटाइम यांपैकी एक लायब्ररी जोडली जाते. एवढ्याशा कामासाठी ती जड वाटली, तर दोन-तीनशे ओळींचा स्वतःचा थर लिहिला जातो.