कूलर उष्णता घालवत नाही

होळी झाली की नागपुरात खिडक्यांबाहेरचे कूलर पुसून निघतात, ताट्यांतले जुने गवत काढून नवे भरले जाते आणि पुढचे तीन महिने घराघरांत काही इंग्रजी शब्द मुक्तपणे फिरू लागतात. ‘आज हीट फार आहे’, ‘टेम्परेचर पंचेचाळीसवर गेले’, ‘ह्युमिडिटी वाढली, कूलर चालत नाही’ ही वाक्ये आपण इतक्या सहजपणे बोलतो की, हीट आणि टेम्परेचर ही एकाच गोष्टीची दोन नावे असावीत असे वाटते. प्रत्यक्षात तसे नाही, आणि हा भेद कळल्याशिवाय खिडकीतला कूलर नेमके काय करतो हेही कळत नाही.

टेम्परेचर म्हणजे तापमान. पदार्थातले कण सरासरी किती जोमाने हालचाल करत आहेत, याचे ते माप आहे. हीट म्हणजे उष्णता, किंवा शालेय पुस्तकांच्या भाषेत उष्मा. ती ऊर्जा आहे आणि जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहणे हा तिचा स्वभाव आहे. (काटेकोर भौतिकशास्त्रज्ञ तर वाहत असलेल्या ऊर्जेलाच उष्णता म्हणतात, पदार्थात साठलेल्या ऊर्जेला त्यांच्याकडे वेगळे नाव आहे. येथे तेवढ्या खोलात शिरण्याचे कारण नाही.) मे महिन्यात गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीतले पाणी आणि त्याच टाकीतून भरलेले पेलाभर पाणी यांचे तापमान सारखेच, समजा ४० अंश सेल्सिअस, असते. मात्र टाकीतले पाणी ३० अंशांवरून ४० अंशांवर नेण्यासाठी उन्हाने सुमारे ४२ हजार किलोज्यूल ऊर्जा ओतलेली असते, म्हणजे विजेच्या हिशेबात साडेअकरा युनिटांहून थोडी अधिक. २०० मिलिलिटरच्या पेल्याच्या वाट्याला तिचा पाच हजारावा भाग येतो. म्हणूनच पेल्यातले पाणी पंख्याखाली लवकर निवते आणि रात्री दहा वाजताही नळातून मात्र कढत पाणीच येते.

हा भेद विज्ञानाला स्वतःलाही बराच उशिरा उमगला. अठराव्या शतकात, १७६० च्या सुमारास, ग्लासगो विद्यापीठात शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनी दाखवून दिले की वितळत असलेल्या बर्फाला उष्णता देत राहिले तरी बर्फ पूर्ण वितळेपर्यंत त्याचे तापमान वाढत नाही. उष्णता जाते, पण तापमापकाला तिचा पत्ता लागत नाही. या उष्णतेला ब्लॅक यांनी दिलेल्या ‘लेटंट हीट’ या इंग्रजी नावासाठी मराठीत ‘अप्रकट उष्मा’ असा शब्द आहे, आणि माझ्या मते तो मुळाइतकाच नेमका आहे.

आपला कूलर नेमका याच अप्रकट उष्म्यावर चालतो. ताटीतून झिरपणाऱ्या पाण्यावरून कोरडी, तापलेली हवा ओढली जाते, पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्या हवेतूनच घेतली जाते. एक लिटर पाण्याची अशी वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात. कूलरने तासाभरात १० लिटर पाणी संपवले, तर हवेतली साडेसहा युनिटांहून अधिक ऊर्जा वाफेत जाते. हवेचे तापमान उतरते. मात्र ही ऊर्जा खोलीबाहेर जात नाही, ती वाफेच्या रूपाने त्याच हवेत राहते. एअर कंडिशनर खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कूलर ती केवळ तापमापकाच्या नजरेआड करतो, आणि म्हणूनच त्याच्यासमोरची एखादी खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर ओलसर हवा खोलीतच साचून घटकाभरात घाम वाळेनासा होतो.

येथे ह्युमिडिटीचा प्रश्न येतो, आणि त्या एका शब्दाच्या पोटात दोन अर्थ आहेत. निरपेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत प्रत्यक्ष किती वाफ आहे; सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते, तिच्या किती टक्के वाफ आहे. बातम्यांत सांगतात ती दुसरी. ४४ अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे ६२ ग्रॅम वाफ मावते, म्हणून २० टक्के म्हटले की ती १२ ग्रॅमच्या आसपास भरते. हीच हवा पहाटे २८ अंशांवर आली की वाफ जवळपास तेवढीच असूनही आकडा ४८ टक्क्यांच्या जवळ जातो. ‘सकाळी ह्युमिडिटी वाढली’ म्हणजे वाफ वाढली असे नव्हे. त्या ४४ अंशांच्या कोरड्या हवेला कूलर तत्त्वतः २५ अंशांच्या आसपास आणू शकतो. मुंबईच्या ३३ अंश आणि ७० टक्क्यांच्या हवेला मात्र २८ च्या खाली नेणे त्याला शक्य नसते. मुंबईच्या पाहुण्यांना आपल्या कूलरचे कौतुक का वाटते आणि मृग लागून पाऊस सुरू झाला की तोच कूलर आपल्यालाही नकोसा का होतो, याचा उलगडा या दोन आकड्यांत आहे.

वेदर आणि क्लायमेट यांविषयी थोडक्यात. आजची स्थिती ती वेदर. साधारण तीस वर्षांच्या नोंदींची सरासरी ते क्लायमेट. भूगोलाच्या पुस्तकात पहिलीला ‘हवा’ आणि दुसऱ्याला ‘हवामान’ म्हटले आहे, तरीही आपण ‘आजचे हवामान’ म्हणतोच. यंदाचा नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, सौम्य गेला, एवढ्यावरून क्लायमेटविषयी काही ठरत नाही.

शेवटची जोडी ॲक्युरसी आणि प्रिसिजन यांची, आणि तिचे उदाहरण नागपूरनेच पुरवले. मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले, ती बातमी देशभर झाली आणि मग तपासणीत संवेदकच बिघडलेला असल्याचे निष्पन्न झाले. अंशाच्या दहाव्या भागापर्यंत आकडा देणे, किंवा वारंवार तोच आकडा देणे, हा काटेकोरपणा, म्हणजे प्रिसिजन, झाला. तो आकडा खऱ्या तापमानाजवळ असणे ही अचूकता, म्हणजे ॲक्युरसी. बिघडलेले यंत्र काटेकोरपणात तरबेज असू शकते. म्हणून असे आकडे स्वीकारण्यापूर्वी हवामानशास्त्रज्ञ ते शेजारच्या केंद्रांशी आणि झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीत टांगलेल्या तापमापकाशी ताडून पाहतात. आपल्या मोटारीच्या फलकावर भर उन्हात दिसणारे ५० अंश या कसोटीला उतरत नाहीत, कारण तेथे हवेबरोबर तापलेला पत्रा आणि डांबरही मोजले जात असते.