टायरचा पिवळा दिवा आणि ‘सेट’ बटण: मागचा इतिहास

डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यातल्या टायरच्या दुकानात सकाळी येणारी बरीच गिऱ्हाइकं पंक्चरसाठी नाही, दिव्यासाठी येतात. डॅशबोर्डवरचा, टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगणारा दिवा: घोड्याच्या नालासारखी आकृती, मध्ये उद्गारचिन्ह, रंग पिवळा. ‘तेवढा दिवा घालवून द्या,’ एवढंच मागणं असतं. पुष्कळ गाड्यांत ते काही सेकंदांचं काम आहे. ‘सेट’ बटण दाबून धरलं की दिवा जातो. पण हे बटण गाडीत का आलं ते पाहिलं, की हवा न तपासता ते दाबणं किती धोक्याचं आहे हे लक्षात येतं.

आपल्याकडे हवा ओळखायची जुनी रीत कानाची होती. पुणे-बंगळूर रस्त्यावर ट्रक थांबला की क्लीनर टॉमी (लोखंडी सळई) घेऊन उतरायचा आणि एकेक टायर ठोकून आवाज ऐकायचा. जोडचाकातला आतला टायर बसला असेल तर तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ही रीत. मोटारींना रेडियल टायर आले आणि डोळ्यांवरचा भरवसाही गेला, कारण रेडियलची बाजू हवा पुरेशी असतानाही थोडी फुगलेलीच दिसते. ट्यूबलेसमध्ये तर खिळा रुतून बसतो आणि हवा दिवसेंदिवस थोडी थोडी जात राहते. स्टिअरिंगवर ते कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

चाकात सेन्सर बसवण्याची सुरुवात महागड्या, वेगवान गाड्यांपासून झाली. १९८६ च्या पोर्श ९५९ या गाडीत हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा होती. ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या गाडीला ती चैन नव्हती, गरज होती. पुढे हवा गेली तरी काही अंतर धावणारे रन-फ्लॅट टायर आले. त्यांची बाजू इतकी ताठ असते की हवा गेल्याचं चालवणाऱ्याला समजतच नाही. १९९७ च्या कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारमध्ये असे टायर आणि दाबाचा इशारा एकत्र आले, ते यामुळेच. युरोपात २००० साली रेनॉ लगुना ही मध्यम किमतीची गाडी ही यंत्रणा घेऊन बाजारात आली.

सर्वसामान्य गाड्यांत मात्र हा दिवा माणसं मेल्यावर आला. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या फायरस्टोन टायरचा वरचा थर वेगात असताना सुटायचा आणि उंच बांध्याची गाडी उलटायची. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले. तिथल्या सरकारी यंत्रणेने या अपघातांशी २७१ मृत्यू जोडले. दोष टायरच्या बांधणीत की गाडीच्या, यावर दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला. त्या वादात एक आकडा सतत पुढे येत राहिला. फोर्डने या गाडीला २६ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा सांगितली होती आणि फायरस्टोनचं म्हणणं ३० हवी असं होतं. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, जास्त वाकतो आणि तापतो. उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीत, सलग वेगात ही उष्णता साठत जाते. भर उन्हात चार माणसं आणि सामान भरून कोल्हापूरहून पुण्याकडे निघालेल्या गाडीच्या टायरवर हाच भार असतो.

नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेत ‘ट्रेड’ नावाचा कायदा झाला आणि हवा कमी झाल्याचा इशारा नव्या गाड्यांत सक्तीचा करायचं ठरलं. कसा द्यायचा, यावरून पुन्हा भांडण झालं, आणि आपल्या बटणाचं मूळ त्या भांडणात आहे.

मार्ग दोन होते. एक थेट: प्रत्येक चाकात व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर, त्यात बॅटरी, रेडिओ लहरींवरून दाबाचा आकडा गाडीला. दुसरा आडवळणाचा आणि स्वस्त: एबीएससाठी, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, चाकांचा वेग मोजणारे सेन्सर गाडीत असतातच, त्यांचाच वापर. हवा कमी झालेला टायर किंचित बसतो, त्याचा परीघ जरा घटतो, म्हणून तेवढ्याच अंतरात ते चाक जास्त फेरे घेतं. हा फरक दिसला की दिवा लागतो. पण चारही टायरची हवा सारखीच उतरली तर तुलना कशाशी करणार? २००२ च्या नियमाने ही उणीव असलेली पद्धतही चालवून घेतली होती. ग्राहक संघटना कोर्टात गेल्या आणि २००३ मध्ये कोर्टाने ती सूट रद्द केली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा निकाल आहे. २००५ च्या अंतिम नियमानुसार एक टायर असो वा चारही, हवा ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के उतरली की इशारा मिळालाच पाहिजे. सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना हे लागू झालं. युरोपने नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना सक्ती केली, तिथे मर्यादा २० टक्क्यांची.

हे टक्के नीट पाहावेत. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलं असेल, तर २५ टक्क्यांच्या हिशेबाने दिवा २५ च्या खाली गेल्यावर लागतो. दिवा लागलेला नाही म्हणजे हवा बरोबर आहे, असं त्यातून निघत नाही.

एबीएसवर चालणाऱ्या पद्धतीला दाब ठाऊक नसतो, फक्त चाकांच्या फिरण्याची पद्धत ठाऊक असते. ‘सेट’ दाबताना आपण गाडीला सांगतो की आत्ता आहे ती हवा योग्य आहे, हिच्यावरून पुढचं मोज. मग काही किलोमीटर चालताना ती हे शिकून घेते. हवा २४ असताना बटण दाबलं, तर २४ हाच तिचा पाया होतो. म्हणून आधी थंड टायरमध्ये स्टिकरप्रमाणे हवा, मग बटण. टायर बदलले, चाकांची अदलाबदल केली, तरीही हेच. थेट सेन्सरच्या गाडीत हवा बरोबर भरून थोडं अंतर चालवलं की दिवा बहुधा आपोआप जातो.

साताऱ्याच्या थंडीतला सकाळचा दिवा बहुतेक या थेट सेन्सरच्या गाड्यांचा असतो, कारण थंडीने चारही टायरची हवा सारखीच उतरते. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड-पावणेदोन पीएसआयने घटतो. दुपारी ३० अंश आणि पहाटे १२, म्हणजे अडीच-तीन गेले. आधीच २८ वर असलेली गाडी पहाटे २५ च्या आसपास येते. सांगलीहून धावत आलेल्या तापलेल्या टायरची हवा ‘जास्त दिसते’ म्हणून सोडली आणि रात्री मुक्काम महाबळेश्वरला केला, तर घट आणखी मोठी. नायट्रोजन भरला असला तरी हा हिशेब तोच राहतो, तोही वायूच आहे.

भारतात ही यंत्रणा सगळ्या मोटारींना सक्तीची नाही. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं आणि आडवळणाची पद्धत कंपन्यांना जवळपास सॉफ्टवेअरच्या खर्चात देता येऊ लागली. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमाने आणखी एक दार उघडलं: साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि ही यंत्रणा असेल, तर स्टेपनी दिली नाही तरी चालते.

आता जुन्या गाड्यांच्या बाजारात थेट सेन्सरच्या पहिल्या गाड्या फिरू लागल्या आहेत. सेन्सरमधली बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं चालते आणि बहुतेक वेळा ती वेगळी बदलता येत नाही, पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. अशा गाडीत चावी फिरवल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग तसाच राहतो. हा इशारा हवेचा नसून यंत्रणेच्या बिघाडाचा आहे, आणि तो हवा भरूनही जात नाही, रिसेट करूनही नाही.