समुद्राचा निळा रंग आणि रामन परिणाम: दोन्ही एक नव्हेत

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, म्हणजे विज्ञान दिन, जवळ आला की शाळांच्या फलकांवर आणि व्हॉट्सॲपवर एक गोष्ट हमखास फिरायला लागते. सी. व्ही. रामन बोटीने प्रवास करत होते, भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून त्यांना प्रश्न पडला, त्यांनी उत्तर शोधून काढलं, त्या उत्तराला रामन परिणाम म्हणतात आणि त्याबद्दल त्यांना १९३० साली नोबेल मिळालं. प्रवास खरा, प्रश्न खरा, नोबेलही खरं. चुकीची आहे ती या तिन्हींची सांधेजोड. समुद्र निळा दिसतो तो रामन परिणामामुळे नाही. आकाशही नाही. आणि 'आकाश रामन परिणामामुळे निळं' ही आवृत्ती विज्ञान शिकवणाऱ्यांच्या तोंडून ऐकली की फार वाईट वाटतं, कारण ती मुलांच्या डोक्यात आयुष्यभर राहते.

आकाशाचं तुम्हाला ठाऊक असणार, म्हणून थोडक्यात. हवेचे रेणू सूर्यप्रकाश विखुरतात, आणि तरंगलांबी जितकी आखूड तितकं हे विकिरण जास्त. निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून जास्त विखुरतो. याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये मांडलं, तेव्हा रामन यांचा जन्मही झालेला नव्हता. रॅले यांनाही पुढे १९०४ साली नोबेल मिळालं, पण ते आकाशासाठी नव्हे. वायूंच्या घनतेवरच्या कामासाठी आणि आरगॉनच्या शोधासाठी.

समुद्राबद्दल मात्र रॅले यांचं मत वेगळं होतं. खोल समुद्राचा निळा रंग म्हणजे वरच्या आकाशाचं प्रतिबिंब, एवढंच, असं ते म्हणत. रामन यांनी १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना 'नारकुंडा' या बोटीवर नेमकं हेच तपासलं. त्यांच्याजवळ निकोल लोलक होता, म्हणजे ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाशच पार होऊ देणारा स्फटिक. पाण्याच्या पृष्ठभागावरून एका ठरावीक कोनात परावर्तित झालेला प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत असतात, आणि निकोल योग्य दिशेला फिरवला की तो अडवता येतो. म्हणजे प्रतिबिंब पुसून टाकून खालचं पाणी पाहता येतं. रामन यांनी प्रतिबिंब पुसलं. निळा रंग गेला नाही, उलट जास्त खुलला. आकाशाचं प्रतिबिंब हे कारण तिथेच बाद झालं. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा त्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाला पत्र पाठवलं. त्यावर २६ सप्टेंबरची तारीख आहे.

पत्रातला दावा असा, की पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात आणि निळा जास्त विखुरतात. म्हणजे हवेत जे घडतं त्याच जातीचं विकिरण, फक्त पाण्यात. आज आपल्याला हेही कळलेलं आहे की निळेपणात पाण्याच्या शोषणाचा वाटा फार मोठा आहे. पाणी तांबडा प्रकाश गिळतं. गडद तांबडा तर चार-पाच मीटर पाण्यातून जाताना जवळपास संपतोच. उरतो तो निळा, आणि त्यातला काही विखुरून आपल्या डोळ्यांपर्यंत परत येतो. जड पाण्याचे, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेल्या पाण्याचे, रेणू वेगळ्या गतीने कंप पावतात, त्यामुळे तांबड्याचं हे शोषण तिथे होत नाही आणि जड पाण्याला ही निळसर झाक नसते. ज्या मुंबईतून ते पत्र गेलं तिथला समुद्र मात्र गढूळ दिसतो, कारण किनाऱ्याजवळ गाळ आणि शेवाळी सूक्ष्मजीव यांच्यापुढे रेणूंच्या विकिरणाचं काही चालत नाही.

या साऱ्या कहाणीत रामन परिणाम अजून कुठेही आलेला नाही. १९२१ मध्ये तो कुणी पाहिलेलाच नव्हता.

आता खरा घोटाळा. 'रेणू प्रकाश विखुरतात आणि रंग दिसतो' एवढ्या वाक्यात दोन्ही गोष्टी बसतात, म्हणून लोक त्या एक समजतात. पण आकाशात आणि समुद्रात रंगांची निवड होते. रामन परिणामात रंग बदलतो. पांढऱ्या प्रकाशात निळा आधीपासून असतोच. रेणू तो जास्त प्रमाणात बाजूला फेकतात, पण निळा आला तसा निळाच जातो. चाळणीने पीठ आणि कोंडा वेगळा होतो, चाळणीमुळे गव्हाची ज्वारी होत नाही. रामन परिणामात मात्र आत गेलेला प्रकाश एका तरंगलांबीचा असतो आणि बाहेर येणाऱ्यातला थोडा दुसऱ्याच तरंगलांबीचा असतो. जी तरंगलांबी दिव्यात नव्हतीच, ती बाहेर दिसते.

हे ज्या प्रयोगातून कळलं तो मला बोटीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी सुंदर वाटतो, आणि मुलांना सांगायचा तर तोच सांगावा. कलकत्त्याच्या बहूबाजारमधल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी सूर्यप्रकाश मोठ्या दुर्बिणीच्या भिंगाने आणि आणखी एका भिंगाने एकवटून एका शुद्ध द्रवात सोडला. द्रवातून जाणारा किरण बाजूने पाहिला की त्याचा उजळ माग दिसतो. त्यांनी दोन फिल्टर घेतले. एक फक्त निळा-जांभळा प्रकाश सोडणारा, दुसरा फक्त पिवळा-हिरवा सोडणारा. दोन्ही एकामागोमाग द्रवाच्या आधी ठेवले की काहीच पार होत नाही आणि माग पूर्ण नाहीसा होतो. आता पिवळा-हिरवा फिल्टर तिथून काढायचा आणि द्रव व डोळा यांच्या मध्ये धरायचा. नुसतं विकिरण होत असेल तर काहीही फरक पडायला नको: आत गेलेला निळा बाहेर निळाच येणार आणि डोळ्यासमोरचा फिल्टर तो अडवणार. पण माग पुन्हा दिसला, फिकट, तरी स्पष्ट. म्हणजे द्रवाच्या आत निळ्यातून काही हिरवं तयार झालं होतं. त्यांनी असे साठेक द्रव तपासले. २८ फेब्रुवारी १९२८ ला वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिलं तेव्हा मूळ रंगाशेजारी काळी फट आणि तिच्या पलीकडे नवा रंग, असं चित्र दिसलं.

कारण असं. प्रकाशाचा कण रेणूवर आदळतो तेव्हा बहुतेक वेळा जेवढी ऊर्जा घेऊन आला तेवढीच घेऊन जातो. क्वचित रेणू त्यातली ठरावीक ऊर्जा स्वतः कंप पावायला ठेवून घेतो, आणि उरलेल्या कमी ऊर्जेचा प्रकाश बाहेर पडतो. पाऱ्याच्या दिव्याची ४३५.८ नॅनोमीटरची निळी रेषा पाण्यात सोडा. ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाच्या कंपनाचा वाटा वजा होऊन सुमारे ५१० नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्यात, नवा पट्टा दिसतो. त्याच दिव्याची ४०४.७ ची जांभळी रेषा सोडा, तर नवा पट्टा सुमारे ४७० ला, निळ्यात. रंग वेगळे, पण वजा झालेली ऊर्जा तीच, कारण रेणू तोच. म्हणूनच हा परिणाम रेणूची ओळख पटवतो, आणि आज औषधं, रत्नं, रसायनं हात न लावता तपासायला वापरतात.

पण हे फार क्वचित घडतं. द्रवात शिरलेल्या एक कोटी प्रकाशकणांतला जेमतेम एखादा असा रंग बदलून निघतो. एवढ्याशा प्रकाशाने समुद्र रंगत नाही, हे तिथेच कळतं.

मग समुद्राचा आणि नोबेलचा संबंध काहीच नाही का? आहे, आणि प्रचलित गोष्ट नेमका तोच खाऊन टाकते. समुद्राच्या प्रश्नामुळे रामन यांचा गट द्रवांतल्या विकिरणाच्या मागे लागला. १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना पाण्यात मूळ विकिरणाशिवाय एक अंधूक, वेगळ्या रंगाचा प्रकाश दिसला. अशुद्धीमुळे येणारी प्रतिदीप्ती, म्हणजे फ्लुओरेसन्स, असेल असं मानून पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध केलं. प्रकाश गेला नाही. पुढे एस. वेंकटेश्वरन यांना शुद्ध ग्लिसरीनमध्ये निळ्याऐवजी हिरवट आणि चांगलाच ध्रुवित प्रकाश दिसला. साधी प्रतिदीप्ती अशी ध्रुवित नसते. शिवाय आत कोणताही रंग सोडला तरी प्रतिदीप्तीचा पट्टा साधारण आपल्याच जागी राहतो, वर सांगितलेल्या पाण्यातल्या नव्या पट्ट्यासारखा सरकत नाही. 'ही अशुद्धी नाही' इथपर्यंत पोचायला बोटीच्या प्रवासानंतर सात वर्षं आणि अनेक विद्यार्थ्यांचे डोळे लागले. बोटीवर सुचलं आणि नोबेल मिळालं असं सांगताना ही माणसं गळून पडतात, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

नोबेलच्या मानपत्रात प्रकाशाच्या विकिरणावरचं काम आणि रामन यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम, असे दोन्ही उल्लेख आहेत. पहिला भाग दाखवून काही जण समुद्राची बाजू लावून धरतात. विकिरणावरच्या कामात समुद्रही येतो, हे बरोबर. पण मानपत्रात समुद्राचं नाव नाही, आणि दोन्ही उल्लेख वेगवेगळे केले आहेत ते ती दोन वेगळी कामं होती म्हणूनच.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत. २८ फेब्रुवारी हा रामन यांचा वाढदिवस नाही; जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, विज्ञान दिन शोधाचा, आणि तो १९८७ पासून साजरा होतो. मॉस्कोत लान्ड्सबर्ग आणि मान्डेलश्ताम यांनीही त्याच महिन्यात क्वार्ट्झच्या स्फटिकात हाच परिणाम पाहिला होता, पण त्यांचा लेख नंतर आला.

शाळेत २८ तारखेला पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकून विजेरीचा झोत सोडतात, बाजूने निळसर आणि समोरून तांबूस दिसतं. प्रयोग छान आहे, जरूर करा, पण त्याखाली 'प्रकाशाचं विकिरण' असं लिहा, 'रामन परिणाम' नको. ऑलिव्ह तेलात हिरवा लेझर सोडला की तांबडा माग दिसतो, तिथे रंग खरंच बदलतो, पण ती तेलातल्या हरितद्रव्याची प्रतिदीप्ती आहे. खरा रामन परिणाम दाखवायचा असेल तर जवळच्या महाविद्यालयात रामन स्पेक्ट्रोमीटर आहे का ते विचारा आणि मुलांना तिथे घेऊन जा.