टच कंट्रोलर घेण्याआधी तार मोजा

मीटिंग रूमसाठी टच कंट्रोलर, म्हणजे व्हिडिओ कॉल चालवायला टेबलावर ठेवायचा छोटा टच पडदा, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, आठ इंची की दहा इंची? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायला हवा. कॅमेऱ्याचं चित्र आणि माइकचा आवाज सांभाळतो तो टीव्हीजवळचा मुख्य संच. टेबलावरची काच त्याला फक्त आज्ञा देते: कॉल लाव, माइक बंद कर, कॅमेरा वळव. ती आज्ञा दर वेळी पोचेल की नाही, हे बहुधा तारेवर ठरतं.

काचेचं तंत्र आता जवळपास सगळीकडे एकच आहे. तिच्याखाली इंडियम टिन ऑक्साइडच्या पारदर्शक रेषांची आडवी-उभी जाळी असते. बोट जवळ आलं की रेषा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथली विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) किंचित बदलते, आणि त्यावरून बोटाची जागा कळते. ब्रिटनमधल्या माल्व्हर्नच्या रडार संशोधन संस्थेतले ई. ए. जॉन्सन यांनी विद्युतधारितेवर चालणाऱ्या टच पडद्याची कल्पना १९६५ साली मांडली, ती विमान वाहतूक नियंत्रणाच्या संदर्भात.

आता तार. यूएसबीवर चालणारा कंट्रोलर असेल, तर साधी यूएसबी २.० केबल ५ मीटरच्या पुढे नेता येत नाही. या जोडणीत संगणक विचारतो आणि उपकरणाने ठरलेल्या अत्यल्प वेळात उत्तर द्यायचं असतं. म्हणून एका केबलमध्ये संदेशाला जास्तीत जास्त २६ नॅनोसेकंदांचा उशीर चालतो, आणि तेवढ्यात तो जेमतेम ५ मीटर जातो. लांब टेबलाच्या खोलीत हे अंतर सहज ओलांडलं जातं. मग केबलचं अंतर वाढवणारा एक्स्टेंडर लावावा लागतो, म्हणजे बिघडू शकेल असा आणखी एक सांधा.

नेटवर्क केबलवरचा कंट्रोलर मला म्हणूनच जास्त भरवशाचा वाटतो. एकच केबल १०० मीटरपर्यंत माहिती आणि वीज दोन्ही नेते. याला पॉवर ओव्हर इथरनेट म्हणतात. २००३ च्या ८०२.३एएफ मानकाप्रमाणे नेटवर्क स्विच (ऑफिसच्या नेटवर्क केबल जिथे जोडतात तो डबा) १५.४ वॉटपर्यंत वीज सोडतो, त्यातले १२.९५ वॉट उपकरणाला मिळतील असं धरलेलं असतं. उरलेली वीज वाटेत तारेच्या रोधामुळे उष्णतेत जाते. यातली मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे स्विच आधी चाचपून पाहतो. अगदी कमी व्होल्टेज देऊन तो पलीकडे सुमारे २५ किलोओहमचा रोध आहे का हे तपासतो, आणि तो सापडला तरच ४८ व्होल्टच्या आसपासचा दाब देतो. त्यामुळे त्याच सॉकेटमध्ये साधा लॅपटॉप जोडला तरी त्याला धोका नाही. आपल्या स्विचमध्ये ही सोय नसेल, तर केबलमध्ये वीज सोडणारा वेगळा इंजेक्टर लागतो.

कंट्रोलर आपल्या संचाशी आणि कॉलच्या सॉफ्टवेअरशी जुळतो का, हे खरेदीआधी लेखी विचारून घ्या. पुष्कळदा एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीच्या संचाशी बोलतच नाही.

साधा टॅबलेट वापरावा का? काही सॉफ्टवेअरवर चालतो. पण तो दिवसरात्र चार्जरवर राहिला की पूर्ण भरलेली लिथियम-आयन बॅटरी लवकर जीर्ण होते, कधी फुगतेही.

आणि अंतर मोजताना टेप सरळ हवेत धरू नका. टेबलावरून खाली, जमिनीलगत भिंतीपर्यंत, तिथून वर टीव्हीपर्यंत: केबल ज्या वाटेने जाईल त्याच वाटेने दोरी फिरवा, मग ती दोरी मोजा.